आवार सोडता कामा नये

म्हसेबाईंसमोर 'नियम' हा शब्द जपून वापरावा लागे. कोणी सहज म्हणालं, "इथला नियमच आहे तो," की त्या हातातलं काम थांबवत आणि विचारत, "नियम आहे, की रीत आहे?" आवाजात खोच नसे. मेथी आजची आहे का, असं भाजीवाल्याला विचारावं तसं त्या विचारत. तरी समोरचा गडबडे. आपण जे सांगितलं ते नक्की काय आहे, याचा विचार त्यानं कधी केलेलाच नसे.

मी त्या शाळेत गणित शिकवायला लागले, तेव्हा म्हसेबाई तिथल्या मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका होत्या. शाळा कर्जत तालुक्यात, घाटाच्या पायथ्याला. मागे डोंगर, पुढे भातखाचरं, आणि शाळा नि वसतिगृह दोन्ही एकाच कुंपणात. मुली आसपासच्या वाड्यांवरच्या, ठाकर आणि कातकरी घरांतल्या. काही तर पार वर ठाकुरवाडीच्या बाजूच्या. मी भिसेगावहून मिनिडोअर रिक्षाने येई आणि शाळा सुटली की परत जाई. म्हसेबाई कुठेच जात नसत. नाव कालिंदी, माहेर म्हणा घर म्हणा सगळं खालापूरचं. लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. अंगाने किरकोळ, सुती साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायांत रबरी चपला. चालताना आवाज होत नसे, त्यामुळे दंगा करणाऱ्या मुलींना त्या एकदम दारातच दिसत.

मी नवीन असतानाच हेडसरांनी व्हरांड्यात एक मोठा फलक रंगवून आणला. मुख्याध्यापकांना आम्ही सगळे हेडसर म्हणायचो. फलकावर ठळक अक्षरांत 'वसतिगृहाचे नियम', आणि खाली भरगच्च मजकूर. केस रोज विंचरावेत. ताटात अन्न टाकू नये. वडीलधाऱ्यांना नमस्कार करावा. संध्याकाळनंतर फाटकाबाहेर जाऊ नये. नेहमी खरे बोलावे.

म्हसेबाईंनी तो सावकाश वाचला. मग म्हणाल्या, "सर, हे सगळं एकाच पोत्यात भरलंत."

"म्हणजे?"

"केस विंचरणं ही सवय. नमस्कार ही रीत. अन्न टाकू नये, ही फार तर शिस्त. खरं बोलावं हे तत्त्व झालं, ते रंगवून येत नाही. फाटकाबाहेर जाऊ नये, एवढाच काय तो नियम."

"अहो बाई, पोरींना काय फरक पडतो?"

"पोरींनाच पडतो. केस विंचरले नाहीत तरी काही होत नाही, हे त्यांना लगेच कळतं. मग त्या म्हणतील, नियम म्हणजे मोडला तरी चालतो तो. आणि त्याच फलकावर फाटकाचं लिहिलंय."

हेडसर वाईट माणूस नव्हते. ते थोडे चिडले, मग त्यांनी फलक कोठीघरात ठेवायला सांगितला. म्हसेबाईंनी स्वतः एक लहान पत्रा रंगवून खिळ्याला टांगला. त्यावर फाटकाचा नियम होता, पालकाशिवाय कोणाच्या हाती मुलगी देऊ नये हा होता, आणि शेवटी आणखी एक होता: 'मुली आवारात असताना अधीक्षिकेने आवार सोडता कामा नये.'

मी त्यांना म्हटलं, "हा तर तुमच्यासाठीचा आहे. मुलींच्या फलकावर कशाला?"

"त्यांना माहीत असलेला बरा. उद्या मी विसरले तर कोणी सांगायला नको का?"

हा नियम त्यांनी केलेला नव्हता. त्या यायच्या आधी तिथे एका मुलीला साप चावला होता. त्या वेळच्या अधीक्षिका बाजारात गेल्या होत्या. गाडी कोणी बोलवायची, दवाखान्यात कोणी न्यायचं, हे ठरेपर्यंत उशीर झाला आणि मुलगी वाटेतच गेली. त्यानंतर संस्थेनं हा नियम केला. सोबतीला सहायक अधीक्षिकेचं एक पदही मंजूर करून घेतलं, म्हणजे दोघींनी आळीपाळीनं बाहेर जावं. नियम लगेच लागू झाला. पद मात्र भरलंच गेलं नाही. म्हसेबाई त्या मुलीबद्दल फार बोलत नसत. एकदाच मला म्हणाल्या, "एखादा नियम जाचक वाटला ना, की मी बघते त्याच्या खाली कोण आहे. ह्याच्या खाली एक पोर आहे. मग तो मला ओलांडवत नाही."

नियमाचा त्यांना एवढा आदर होता म्हणून त्या भित्र्या होत्या असं मात्र कोणी समजू नये. आमच्याकडे तपासणीला साहेब आले की मुलींच्या कोठीतून कोंबडी, श्रीखंड, भजी असा बेत करायची पद्धत होती. त्या दिवसापुरती मुलींची डाळ पातळ व्हायची. म्हसेबाईंनी एका वर्षी कोठीची किल्लीच दिली नाही.

हेडसर म्हणाले, "बाई, असं कसं? दरवर्षी करतो आपण."

"नियम आहे का तसा?"

"नियम नाही हो. शिरस्ता आहे."

"मग बरं झालं," म्हसेबाई म्हणाल्या. "शिरस्ता मोडायला परवानगी लागत नाही."

साहेबांच्या पुढ्यात मुलींचंच ताट आलं: भात, आमटी, वालाची उसळ. ते मुकाट्यानं जेवले आणि चांगलं आहे म्हणाले. पण बरोबर संस्थेचे सचिव आले होते. त्यांनी घासागणिक म्हसेबाईंकडे पाहिलं. सचिवांच्या मनात बाई तेव्हापासून सलत राहिल्या.

मुलींशी त्यांचं बोलणं वेगळंच चाले. वरच्या वाडीवरची हिरू नावाची एक मुलगी होती, नववीतली, काटक आणि थेट बोलणारी. एकदा मुली कुंपणाच्या कडेला रानकंद खणत होत्या. हिरूनं कंद काढला, वरचा देठाकडचा तुकडा तोडला आणि पुन्हा फुटावा म्हणून मातीत पुरला. म्हसेबाईंनी विचारलं, "हे कोणी सांगितलं तुला?"

"कोनी नाय."

"नाही पुरला तर कोणी रागावतं?"

"नाय."

"देव कोपतो?"

हिरू विचारात पडली. मग तिनंच उलट विचारलं, "पन बाई, का नाय पुरायचा?"

पुढे कितीतरी दिवस म्हसेबाई ह्या उत्तरापाशी अडून होत्या. डबा खाताना मला म्हणत, "याला काय नाव द्यावं सांग. नियम म्हणावा तर धाक नाही. संकेत म्हणावा तर तो दोघांत ठरावा लागतो, हिनं कोणाशी काही ठरवलेलंच नाही. नेम म्हणावा तर नेम आपण आपल्याला मुद्दाम घालून घेतो." शेवटी म्हणाल्या, "राहू दे. ज्यांच्याकडे हे आहे, त्यांना नाव लागत नाही."

ह्याच हिरूनं एका संध्याकाळी त्यांना गाठलं. त्या रोज मुली मोजून झाल्या की फाटकापाशी जाऊन उभ्या राहत. आतल्या बाजूला. रस्त्यावरून दुधाच्या गाड्या जात, कामावरून परतणारी माणसं जात, वर घाटात गाडी चढताना तिचा घरघराट येई. मी त्या दिवशी उशिरा निघाले होते, म्हणून मला ऐकू आलं.

"बाई, तुमी भायेर का नाय जात?"

"मुली आत आहेत ना."

"पन फाटक तं उगडाच हाय. तुमाला कोन धरून ठेवतो?"

"कोणी नाही गं."

"मंग?"

म्हसेबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "कोणी धरलं असतं तर सोडवून घेता आलं असतं," त्या म्हणाल्या, आणि मुलींना जेवायला बोलवायला आत गेल्या.

मी त्यांना बाजारातून सामान आणून देई. खोबरेल तेल, सुया, ब्लाउजचं कापड. कापड निवडायला मी फोनवर फोटो पाठवायची, पण आवारात रेंज कुठली? रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर येई. तिथे चढून त्या फोटो बघत, आणि तिथेच उभं राहून घरी फोन करत. खालापूरला त्यांची आई, भाऊ आणि भावजय. भाऊ एका कंपनीत कामाला होता. आई फोनवर दर वेळी एकच विचारी, "कवा येतीस?" आणि म्हसेबाई सांगत, "सुट्टीत येते आये." मे महिन्यात आणि दिवाळीत मुली घरी गेल्या की त्या जात. बाकी सगळं वर्ष कुंपणाच्या आत.

मग आईला अर्धांगवायू झाला.

भावाचा फोन आला तेव्हा दिवाळीला अवकाश होता. खालापूर काही परमुलूख नाही. सकाळी निघालं तर भेटून दुपारपर्यंत परत येता येतं. हेडसर स्वतः म्हणाले, "जाऊन या बाई. कोण बघतंय?"

"कोणी बघत असतं तर गेलेही असते एखाद वेळेस," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "दिवसभर मी थांबते. रात्री लागलं तर रात्रीही थांबते. घरी सांगून ठेवते."

त्यांनी माझा हात धरला. पण नियमात 'अधीक्षिकेने' असं होतं, आणि मी अधीक्षिका नव्हते. म्हणून त्यांनी संस्थेकडे रीतसर परवानगी मागितली, की आईच्या आजारपणापुरतं ह्या शिक्षिकेला माझ्या जागी धरावं. सचिवांचा फोन आला. रेंजसाठी आम्ही दोघी टाकीच्या पायऱ्यांवर उभ्या होतो आणि फोन स्पीकरवर होता.

"बाई, तुमची अडचण समजते. पण संस्थेच्या धोरणात हे बसत नाही. शिक्षकांकडे वसतिगृहाची जबाबदारी द्यायची नाही, असं धोरण आहे."

"साहेब, नियम आहे का तसा?"

"धोरण आहे म्हटलं ना. आणि आज तुम्हाला दिलं की उद्या दुसरं कोणी मागणार. पायंडा पडेल."

फोन ठेवल्यावर म्हसेबाई पायरीवर बसल्या. खाली मुली कपडे वाळत घालत होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "पायंडा म्हणजे मूळचा काय माहीत आहे? माणसांच्या पायांनी पडलेली वाट. मी एकदा बाहेर पाय टाकला तर वाट पडेल, ह्याची त्यांना भीती वाटतेय." त्या हसल्या. पण डोळे पुसायला पदर हातात घेतला.

मी विचारलं, "सोडून का देत नाही तुम्ही हे?"

"आणि माझ्या जागी कोण येईल? सहायिका अजून येतेय. मी गेले तर ही खुर्चीही तशीच रिकामी राहील. मुली मात्र राहतीलच." थोड्या वेळानं म्हणाल्या, "शिवाय आईची औषधं ह्याच पगारात येतात."

त्या आठवड्यात त्या कोणाशी फारसं बोलल्या नाहीत. मुली जेवल्या का, निजल्या का, सगळं नेहमीसारखं बघत. पण व्हरांड्यातल्या त्या पत्र्यासमोर उभ्या राहिलेल्या मी त्यांना दोनदा पाहिलं. मग एका सकाळी त्या हेडसरांच्या खोलीत आल्या. मी हजेरीपत्रक ठेवायला तिथेच गेले होते.

"सर, मुली आवारात असताना मी आवार सोडता कामा नये. बरोबर?"

"बरोबर."

"मुली आवारात नसल्या तर?"

हेडसरांच्या लक्षात यायला वेळ लागला. मग ते खुर्चीत मागे टेकले. "किती मुली आहेत तुमच्या?"

"सगळ्या नेते."

शाळेत क्षेत्रभेटी होत असत. मुलींना पोस्ट दाखवायचं, बँक दाखवायची. खालापूरला तहसील कचेरी होती. हेडसरांनी स्वतःच उत्साहानं अर्ज लिहिला: 'तहसील कार्यालयास क्षेत्रभेट.' म्हसेबाईंनी पेन घेतलं आणि पुढे भर घातली: 'व अधीक्षिकेच्या आजारी आईची भेट.'

"हे कशाला लिहिता?" हेडसर वैतागले. "पळवाट आहे ना, पळवाटेसारखी राहू द्या."

"पळायचं असतं तर तशी ठेवली असती," त्या म्हणाल्या.

हेडसरांनी सही केली. गावातल्या एकाची बस होती, कंपनीच्या कामगारांची ने-आण करणारी. दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात ती रिकामी असे. म्हसेबाईंनी ती स्वतःच्या खर्चानं ठरवली. सोबतीला मीही निघाले. मुली बसल्यावर त्या पुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आपण कचेरी बघणार आहोत. पण मी तुम्हाला नेतेय ते माझी आई आजारी आहे म्हणून. जिला यायचं नसेल, तिनं सांगावं. मग कोणीच जाणार नाही." कोणी काही बोललं नाही. मागून हिरू म्हणाली, "बाई, गाडी सोडा ना."

कचेरीत मुलींनी दाखले मिळतात ती खिडकी पाहिली, बाहेर बसलेले स्टॅम्पवाले पाहिले. एका लिपिकानं त्यांना जमिनीचे नकाशे दाखवले. मग सगळी रांग म्हसेबाईंच्या घराकडे वळली. भावजय दारात आली आणि एवढ्या मुली बघून तिथेच थांबली. मुली अंगणात बसल्या. पडवीत खाटेवर आई होती. तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं, उजवा हात निपचित पडला होता.

म्हसेबाई खाटेच्या कडेला बसल्या. शाळेत इतकी नीटस बोलणारी ती बाई एकदम वेगळ्या बोलीत बोलायला लागली. "आये, मी हाय. कालिंदी."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग अंगणाकडे. अडखळत विचारलं, "या कोन गं?"

"माज्या पोरी."

"येवड्या?"

"व्हय आये."

म्हातारी बराच वेळ अंगणात बघत राहिली. "मंग तू येकटी नाय," ती म्हणाली. म्हसेबाईंनी वाटीतली पेज चमच्यानं भरवली. तोंडाच्या कडेनं ओघळली ती पुसली. अंगणात मुली कुजबुजतही नव्हत्या. बसवाला हॉर्न वाजवायला लागला तेव्हा आईच म्हणाली, "जा आता. पोरी भुकेल्या असतील."

"सुट्टीत येते आये," म्हसेबाई म्हणाल्या. "दिवाळीत. नक्की."

परत येताना बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या होत्या. हिरू शेजारी येऊन बसली आणि त्यांच्या मांडीवर डोकं टाकून झोपी गेली.

ही गोष्ट संस्थेपर्यंत जायला वेळ लागला नाही. चौकशीला सचिव आले. खोलीत हेडसर होते, आणि सोबत गेलेली शिक्षिका म्हणून मीही. सचिवांच्या हातात तो अर्ज होता.

म्हसेबाईंनी विचारलं, "मी कोणता नियम मोडला, तेवढं सांगा."

"नियमाचं नाही बाई. हा शिस्तभंग आहे."

"शिस्त नियमाची असते. नियम मोडला नाही, तर भंग कशाचा झाला? तुमच्या मर्जीचा?"

हेडसर खाली बघायला लागले. सचिव रागावले नाहीत. अर्ज टेबलावर ठेवून म्हणाले, "ठीक आहे. नियमाचं सोडा. तुमच्या घरगुती कामासाठी तुम्ही त्या मुलींना वापरलंत की नाही? त्यांचा एक दिवस तुम्ही घेतलात की नाही?"

मला वाटलं, बाई आता कडाडून उत्तर देतील. त्यांच्याकडे उत्तर असणारच. पण त्यांच्या तोंडून जे आलं ते मला अजून नीट पचलेलं नाही.

"हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "नियम मी अक्षरशः पाळला. पण मुलींना आपल्या कामाला लावायचं नाही, हे माझं तत्त्व होतं. ते वाकलं. त्याची शिक्षा असेल तर द्या. मी घेईन."

सचिवांना एवढंच हवं होतं. शिक्षा लेखी आली: दिवाळीच्या सुट्टीत अधीक्षिकेनं वसतिगृहात थांबून इमारतीची देखरेख करावी.

दिवाळीत मुली गेल्या. आवार रिकामं झालं. मी पाडव्याच्या सकाळी फराळाचा डबा घेऊन गेले. दोऱ्यांवर एकही कपडा नव्हता, व्हरांड्यात पालापाचोळा साचला होता, आणि म्हसेबाई तो झाडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "मुली असल्या की निदान कळतं कशासाठी थांबलोय ते."

आम्ही चहा घेत होतो तेव्हा फोनची शिट्टी वाजली. टाकीच्या पायऱ्यांवर त्यांनी फोन मुद्दाम ठेवून दिला होता, रेंज मिळावी म्हणून. भावाचा मेसेज होता. आईनं खाणं सोडलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवा.

त्यांनी तो मेसेज मला वाचायला दिला. मग आत गेल्या आणि फाटकाचं कुलूप नि किल्ली घेऊन आल्या, आणि हातात धरून पायरीवर बसल्या.

"निघा ना," मी म्हटलं. "मुली नाहीत. नियम लागूच होत नाही."

"नियम नाहीच लागू. हा हुकूम आहे. हुकुमाचं मला काही वाटत नाही, तो माणसाचा असतो, माणसाबरोबर बदलतो. पण शिक्षा घेईन असं मी म्हणाले होते. कोणी माझ्याकडून वदवून घेतलं नव्हतं."

त्या किल्ली ह्या हातातून त्या हातात घेत होत्या. चेहरा असा झाला होता की मला तिकडे बघवेना. आजवर बाकीच्यांनी घातलेलं प्रत्येक कुंपण त्यांनी नावानिशी ओळखलं होतं. हे शेवटचं त्यांनी स्वतः घातलं होतं, आणि त्याला फाटक नव्हतं.

मग त्या एकदम उभ्या राहिल्या. "आईला सुट्टीत येते म्हणून सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "तो शब्द आधीचा आहे. तुझ्यासमोरच दिला होता."

"हो."

"मग तू साक्षीला आहेस."

कपडे बदलायलाही त्या थांबल्या नाहीत. फाटकाला कुलूप घातलं, किल्ली हेडसरांच्या घरी टाकली, आणि आम्ही मिनिडोअरमध्ये बसलो. रस्ताभर त्या समोर बघत होत्या. खालापूरला पोचलो तेव्हा आई जिवंत होती. डोळे मिटलेले होते. म्हसेबाईंनी हाक मारली, तेव्हा डाव्या हाताची बोटं हलली. भावानंही ते पाहिलं. मी संध्याकाळी घरी परतले. दुसऱ्या दिवशी म्हातारी गेली.

सुट्टी संपायच्या आतच संस्थेनं त्यांना कार्यमुक्त केलं. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी ते पत्र मला दाखवलं आणि 'मुक्त' ह्या अक्षरांवर बोट ठेवलं.

त्यांच्या जागी नवीन अधीक्षिका महिन्याच्या आत आल्या. आणि इतकी वर्षं रिकामं पडलेलं सहायिकेचं पदही त्याच वेळी भरलं गेलं. नव्या बाईंनी आधीच अट घातली होती की एकटीनं राहणार नाही. म्हसेबाईंना हे कळवायचं की नाही, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. शेवटी फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. मुलींचं बरं झालं." आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्यांची भेट झाली ती गेल्या उन्हाळ्यात. मुलाच्या कॉलेजसाठी मला एक दाखला हवा होता, आणि सासरचं मूळ गाव खालापूर तालुक्यातलं म्हणून तो तिथल्याच कचेरीत मिळायचा. कामासाठी खालापूरला गेले आणि उरकल्यावर त्यांच्याकडे डोकावले. भावजयीनं दार उघडलं. म्हसेबाई स्वयंपाकघरात खाली बसून कैऱ्या चिरत होत्या. घरात सगळं ठीक दिसत होतं. भाऊ सज्जन, भावजय चांगलं बोलणारी. मला चहा विचारला. म्हसेबाई चहा करायला उठल्या, दुधाच्या पातेल्याकडे हात नेला, आणि थांबल्या. भावजयीकडे पाहिलं. "ते सकाळचं नको, दुसरं घ्या," भावजय साधेपणानं म्हणाली. म्हसेबाईंनी पातेलं बदललं. मग कप काढताना पुन्हा तसंच झालं.

भावजय बाहेर गेल्यावर मी हळूच विचारलं, "कशा आहात?"

"चांगली आहे. कोणी काही बोलत नाही मला." त्यांनी चहात साखर घातली, ढवळली. "इथे नियम नाहीत. एकही नाही. त्यामुळे कधी मोडला ते मोडल्यावरच कळतं. तेही कोणाच्या तरी चेहऱ्यावरून." थोडं थांबून म्हणाल्या, "तिची चूक नाही. तिला विचारलं तर तिलाही सांगता यायचं नाही. तिचं घर आहे, तिला नुसतं माहीत आहे."

मी म्हटलं, "भिसेगावला चला माझ्याकडे थोडे दिवस."

"येईन," त्या म्हणाल्या. कधी, ते म्हणाल्या नाहीत.

मी निघाले तेव्हा बसथांब्यापर्यंत सोडायला आल्या. ऊन कलतं होतं. टोलनाक्याकडून ट्रक एकामागून एक येत होते. आम्ही शाळेतल्या इकडच्या तिकडच्या गोष्टी बोललो. हिरू नर्सिंगला गेली, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारून घेतलं की नक्की नर्सिंगलाच ना.

खोपोलीकडे जाणारी बस आली. मी चढले, जागा धरली, आणि वळून बघते तर म्हसेबाई माझ्या मागोमाग चढत होत्या. हातात पिशवी नाही, पर्स नाही, पायांत घरातल्याच चपला. माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"कुठे निघालात?"

"कुठे नाही. बस."

कंडक्टर आला. मी दोन तिकिटं काढायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला, पदराच्या गाठीतून पैसे काढले आणि विचारलं, "पुढचा थांबा कुठला?" कंडक्टरनं सांगितला. "तिथलं द्या," त्या म्हणाल्या.

"घरी काळजी करतील," मी म्हटलं.

"सोडायला गेले होते म्हणून सांगीन. खरंच आहे ते."

खिडकी उघडी होती. वाऱ्यानं त्यांचे पिकलेले केस कपाळावर येत होते, आणि त्या ते मागे सारत नव्हत्या. थांबा आला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, उठल्या आणि उतरल्या.

बस सुटल्यावर मी मागच्या काचेतून पाहिलं. त्या रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या होत्या, आणि खालापूरकडे जाणाऱ्या बससाठी हात पुढे करून उभ्या होत्या.